जागा कमी करा, फी लावू नका

डिसेंबर २०२४मध्ये बर्लिनच्या विधानसभेने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून सुमारे ३ अब्ज युरो कापले. संस्कृती खात्याच्या वाट्याला त्यातली साधारण १३ कोटींची कात्री आली आणि मग ठरल्याप्रमाणे दोन फळ्या उभ्या राहिल्या. एक म्हणे, शाळांची छतं गळतायत तिथे ऑपेराची चैन कशाला. दुसरी म्हणे, कला काढून घेतली तर या शहरात उरतं काय, पर्यटक काय इथली थंडी बघायला येतात? तेव्हाचे संस्कृतिमंत्री स्वतः संगीत व्यवसायातून राजकारणात आलेले; तेही पुढच्या मे महिन्यात कपातीच्याच मुद्द्यावरून पायउतार झाले. या गदारोळात बर्लिनचं कलाविद्यापीठही ओढलं गेलं. चित्रकला, संगीत, नाटक, वास्तुरचना, डिझाइन हे सगळं एका छत्राखाली शिकवणारी, सुमारे ४,००० विद्यार्थ्यांची ही सरकारी संस्था. तिथले लोक तिला नुसतं ‘ऊडेका’ म्हणतात. ऊडेकाचा पैसा संस्कृती खात्यातून येत नाही, तो उच्चशिक्षणाच्या खात्यातून येतो, हे दोन्ही फळ्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावीही नव्हतं. फेब्रुवारी २०२४मध्ये बर्लिन सरकारने आपल्या सगळ्या विद्यापीठांशी पाच वर्षांचा करार करून अनुदानात दरवर्षी ५ टक्के वाढ कबूल केली होती. शाई वाळायच्या आत तो करार पुन्हा उघडला गेला आणि विद्यापीठांना कोर्टाची भाषा करावी लागली. म्हणजे खरा प्रश्न होता सरकारने दिलेल्या शब्दाचा, आणि भांडण चाललं होतं ऑपेराच्या तिकिटांवर.

अशा प्रत्येक वादात एक सूचना हमखास पुढे येते, आणि ती इतकी शहाणपणाची वाटते की तिच्यावर कोणी फार विचारच करत नाही. सूचना अशी: विद्यार्थ्यांकडून फी घ्या. सगळ्यांकडून नाही, तर निदान परदेशी मुलांकडून तरी घ्या. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कला, संगीत आणि डिझाइन शिकवणाऱ्या सरकारी विद्यापीठाला पैसे कमी पडत असतील तर त्याने जागा कमी कराव्यात, एखादा विभाग बंद करावा, दोन संस्था एकत्र कराव्यात. फी मात्र लावू नये. कारण अशा विद्यापीठाची खरी मालमत्ता इमारती किंवा पियानो ही नव्हे. आलेल्या मुलाला ‘तू अजून तयार नाहीस’ असं सांगता येणं, ही ती मालमत्ता. ज्याच्या खिशावर आपण जगतो त्याला नाही म्हणणं अवघड जातं, हे कुठल्याही क्लासवाल्याला विचारा.

हे ‘नाही’ कसं म्हटलं जातं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. चित्रकलेला यायचं तर आधी कामांचा संग्रह द्यावा लागतो. ए-वन आकाराची पुठ्ठ्याची फाइल काखोटीला मारून मुलं रेल्वेच्या दारात अवघडून उभी असतात, ती त्या दिवसांत सहज ओळखू येतात. समितीतले अध्यापक एकेक पान उलटतात. आठ-दहा महिन्यांचं काम काही मिनिटांत पाहून होतं. त्यातून निवडलेल्यांना समोर बसवून काम करायला लावतात, मग मुलाखत. संगीतात तर आणखी रोखठोक कारभार. मुलगी बाखची रचना सुरू करते, दोन-तीन मिनिटांत परीक्षकांतून एक ‘डांके’ (धन्यवाद) ऐकू येतो, म्हणजे पुरे, आता पुढची रचना. त्या ‘डांके’त कौतुक होतं की निरोप, हे निकाल लागेपर्यंत कळत नाही. या साऱ्यात एक मोठं औदार्यही दडलेलं आहे, ज्याचा वादात उल्लेखच होत नाही: असामान्य कलागुण सिद्ध झाले तर शालान्त प्रमाणपत्र नसतानाही प्रवेश देण्याची तरतूद जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत आहे. जो देश साध्या कारकुनीसाठी तीन दाखले मागतो, तो इथे दाखला बाजूला ठेवून कान आणि डोळे उघडतो. हे परवडतं, कारण आत येणाऱ्याच्या पैशावर काही अवलंबून नसतं. विद्यार्थी भरतो ती सत्राची वर्गणी, साधारण ३०० युरोंच्या आसपास, आणि तिच्यात शहराच्या बस-रेल्वेचा पासही आला.

आता विरोधी बाजू, आणि ती कच्ची नाही. संगीत शिक्षण महागडं आहे हे खरंच. अर्थशास्त्राचा प्राध्यापक ३०० मुलांसमोर एकदा बोलतो. व्हायोलिनचा प्राध्यापक आठवड्याचा तास एकाच विद्यार्थ्याला देतो, आणि त्या तासाला पियानोची साथ करणारा वेगळा पगारी माणूस लागतो. शिवाय ‘फुकट’ शब्दामागे एक लपवलेलं बिल आहे. जर्मनीतल्या संगीत विद्यापीठांत शिकवण्याचा मोठा भाग तासांवर नेमलेली माणसं करतात. सुट्टीत पैसे नाहीत, आजारपणात नाहीत, पुढच्या सत्राची खात्री नाही. म्हणजे विद्यार्थ्याची फी माफ होते ती काही अंशी या तासिका-शिक्षकांच्या पाकिटातून. सरकारी मॉडेलचे भक्त या मुद्द्यावर मूग गिळून बसतात, ते मला पटत नाही. पण यावरून काय सिद्ध होतं? सरकार आपल्या संस्थेला पुरेसा पैसा देत नाही, इतकंच. तो पैसा विद्यार्थ्याने द्यावा हे त्यातून आपोआप निघत नाही. तासिका-शिक्षकांना नीट नेमायचं आणि पैसे तेवढेच राहणार असतील तर विद्यार्थी कमी घ्या. चार मुलांना नीट पगारी माणसाने शिकवणं हे सहा मुलांना पिळून घेतलेल्या माणसाने शिकवण्यापेक्षा बरं.

बचाव करणाऱ्यांचा युक्तिवाद तर मला विरोधकांच्यापेक्षा जास्त खटकतो. कला पैसा आणते, एक युरो नाट्यगृहात घाला आणि हॉटेलं, टॅक्स्या, दुकानं मिळून त्याहून जास्त शहरात फिरतात, सर्जनशील उद्योगांत इतके रोजगार, वगैरे. हा हिशेब खोटा असेलच असं नाही. पण तो मांडला की आपण प्रतिपक्षाच्या मैदानात, त्याच्याच नियमांनी खेळायला उतरतो. उद्या कोणी दाखवून दिलं की फुटबॉलच्या मैदानातून त्याच युरोचे अधिक युरो होतात, मग? डिझाइनचा विभाग कदाचित टिकेल, सतराव्या शतकातल्या ल्यूट या तंतुवाद्याचा वर्ग पहिल्या फेरीत उडेल. ब्रेमेनला हेच उलटं घडलं. जर्मनीच्या सगळ्यात कर्जबाजारी राज्यांपैकी एक असलेल्या या बंदराच्या शहरात १९८६मध्ये जुन्या संगीतासाठी एक अकादमी निघाली, जी पुढे तिथल्या सरकारी कलाविद्यापीठात सामील झाली. व्हायोला दा गाम्बा, हार्पसिकॉर्ड, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं. तेव्हा कोणत्या बाजारपेठेने त्याची मागणी केली होती? आज त्याच विद्यापीठाचे कला आणि डिझाइनचे वर्ग बंदरातल्या एका अवाढव्य जुन्या गोदामात भरतात. इमारत अकरा क्रमांकाची वखार म्हणूनच ओळखली जाते. माल ठेवायची जागा बंदराला नकोशी झाली तेव्हा कलेला मिळाली. ब्रेमेन श्रीमंत होतं म्हणून हे झालं नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वर्गाचा आहे. बसचालकाच्या करातून डॉक्टरच्या मुलीला चेलो शिकवायचा, हा कुठला न्याय? आणि हे अतिशयोक्तीचं नाही. वयाच्या अठराव्या वर्षी परीक्षकांसमोर बसायला सहाव्या वर्षापासून शिकवणी लागते, वाद्य लागतं, सरावाला खोली लागते आणि ‘आज नको, शेजारी ओरडतात’ असं न म्हणणारी आई लागते. चित्रकलेसाठी संग्रह तयार करून देणारे पैसे घेऊन चालणारे वर्ग आहेतच. फुकट शिक्षण सुरू होतं ते गाळणी लागून झाल्यावर. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो आणि तरीही विचारतो: शेवटच्या पायरीवर फी लावल्याने पहिल्या पायरीवरचा बसचालकाचा मुलगा आत येतो का? तो आणखी एक पायरी लांब जातो. उपाय खालच्या पायऱ्यांवर आहे. २००३मध्ये बोखुम शहरात ‘प्रत्येक मुलाला एक वाद्य’ हा प्रयोग सुरू झाला आणि रूर खोऱ्यातल्या प्राथमिक शाळांत पसरला. खाणी बंद पडलेल्या वस्त्यांतली मुलं शाळेतच क्लॅरिनेट हातात घेऊ लागली. त्यात सातत्य राहिलं नाही, पुढे योजनेचं रूप बदललं, तिच्यावर टीकाही झाली. तरी दिशा बरोबर होती. गावोगावच्या सरकारी संगीतशाळा हीच ती खालची पायरी, आणि तिथेही पेच आहेच. २०२२मध्ये हेरेनबेर्गच्या संगीतशाळेतल्या एका पियानो शिक्षिकेच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने ठरवलं की अशी शिक्षिका कंत्राटी नव्हे, नोकरदार आहे. तिचा सामाजिक विमा भरा. निकाल न्याय्यच. त्यानंतर नगरपालिकांची तोंडं उतरली, कारण आता खरा खर्च कागदावर दिसू लागला. वर्गविषमतेची इतकी कळकळ असलेल्यांनी या नगरपालिकांच्या पाठीशी उभं राहावं. तिथे मात्र फारसं कोणी दिसत नाही.

याच रूर खोऱ्यातलं फोल्कवांग विद्यापीठ घ्या. १९२७मध्ये एसेनला सुरू झालेली ही संस्था, संगीत, नृत्य, नाटक आणि आकाररचना एकत्र शिकवायची अशी जिद्द धरून काढलेली. नृत्यकार कुर्ट योस तिच्या संस्थापकांपैकी. १९५०च्या दशकात झोलिंगनहून एक मुलगी तिथे आली, वय पंधराच्या आसपास. आई-वडील एक छोटी खाणावळवजा गेस्टहाउस चालवत. टेबलांखाली बसून माणसं न्याहाळत वाढलेली ही पोरगी म्हणजे पिना बाउश. पुढे शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेली, परत आली, १९७३पासून वुपरटालला तिने जे उभं केलं त्याने जगभरच्या नृत्याची आणि नाटकाची सरहद्द पुसली. सुरुवातीला वुपरटालचे प्रेक्षक दारं आपटून निघून जायचे, हेही तितकंच खरं. गेस्टहाउसवाल्यांच्या मुलीचं एक उदाहरण म्हणजे आकडेवारी नव्हे, हे मला कळतं. पण फीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक उदाहरण द्यावं, जिथे फी लावल्यामुळे गेस्टहाउसवाल्यांची मुलगी आत आली.

सरकारी म्हणजे आपोआप न्याय्य, असं मात्र मी म्हणणार नाही. आजचं ऊडेका आपली मुळं १६९६च्या अकादमीपर्यंत नेतं. एवढ्या जुन्या परंपरेच्या बर्लिनच्या चित्रकला महाविद्यालयाने १९१९पर्यंत मुलींना दारातही घेतलं नव्हतं. त्याच शहरातल्या संगीत विद्यालयात मुली १८६९मध्ये ते सुरू झाल्यापासून शिकत होत्या, म्हणजे शहराच्या हवेत दोष नव्हता. पुढे नावाजलेली कॅथे कोलविट्झ चित्रकला शिकली ती बर्लिन आणि म्युनिकमधल्या, स्त्रियांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळांत, पैसे मोजून. जिच्या घरी ते मोजायला नव्हते तिचं नाव आपल्याला माहीत असण्याचं कारणच नाही. १९१८च्या अखेरीस गणराज्य आलं, १९१९ साली समान हक्कांची राज्यघटना आली, ती दारं उघडली, आणि त्याच वर्षी प्रशियाच्या कला अकादमीने कोलविट्झला सदस्य म्हणून निवडलं. सरकारी दार बंद असेल तर कायद्याने, मताने, आंदोलनाने ते उघडायला लावता येतं. जे दार पैशाने उघडतं त्याच्यासमोर कुठली सनद वाचून दाखवणार?

आता परदेशी विद्यार्थी, म्हणजे आपणही. बाडेन-वुर्टेमबेर्ग या श्रीमंत राज्याने २०१७-१८च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. तिथे पाच सरकारी संगीत विद्यापीठं आहेत: फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, मानहाइम, श्टुटगार्ट आणि ट्रोसिंगन. हे शेवटचं म्हणजे होनर कंपनीच्या माउथ ऑर्गनचं छोटंसं गाव. २०१३मध्ये राज्याच्या हिशेबतपासनिसांनी या पाचांचा खर्च काढून दाखवला, मंत्रालयाने मानहाइम आणि ट्रोसिंगनला कात्री लावायचं मनावर घेतलं, रस्त्यावर वाद्यं घेऊन लोक उतरले आणि पाचही वाचली. माझं न आवडणारं मत असं की तपासनीस अगदीच चूक नव्हते. एका राज्यात पाच हवीत का, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. तो टाळला गेला, आणि काही वर्षांनी जे बिल विद्यापीठांच्या रचनेवर फाटायचं ते कोरिया, चीन आणि भारतातून येणाऱ्या पोरांच्या नावावर फाटलं. त्यांना तिथे मत नाही ना! पहिल्याच सत्रात संघाबाहेरच्या नव्या प्रवेशांत सुमारे एक पंचमांश घट झाली. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने हीच फी आणायचं घोषित करून नंतर बेत सोडला.

इथे माझ्याच मुद्द्यावर कोणी बोट ठेवेल. बाडेन-वुर्टेमबेर्गच्या १,५०० युरोंपैकी विद्यापीठाच्या हाती राहतात फक्त ३००, बाकीचे सरकारी तिजोरीत जातात. मग पैशासाठी कच्च्या मुलाला आत घेण्याचा मोह विद्यापीठाला का पडेल? बरोबर आहे, तिथे तो मोह कमी आहे. पण मग ती फी विद्यापीठ वाचवण्यासाठी आहे हा दावाही तिथेच संपला. तो परदेशी विद्यार्थ्यावर बसवलेला साधा कर ठरतो. आणि विद्यापीठ वाचवायचं तर पैसा विद्यापीठाकडेच ठेवावा लागतो, जसं म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने केलं. २०२४-२५पासून तिथे संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो पडतात. अभियांत्रिकीत हे कदाचित खपेल, कारण गणिताचा पेपर गणितच तपासतं. व्हायोलिनच्या परीक्षेत पाच माणसांचे कान असतात आणि त्या कानांच्या विभागाचं अंदाजपत्रक असतं. ब्रिटनमध्ये १९९८ साली १,००० पौंडांपासून सुरुवात झाली, २०१२पर्यंत ती ९,०००वर गेली, आणि परदेशी मुलांची फी त्याच्या कितीतरी वर. आज तिथल्या कलासंस्थांना परदेशी मुलं गुणवत्तेसाठी हवीत की ताळेबंदासाठी, हे त्यांचं त्यांना तरी सांगता येईल का?

या वादात प्रतिपक्षाच्या हातात एक हुकमाचं पान आहे, ते त्यांच्याआधी मीच टाकतो. १९१९मध्ये वायमारला बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा सुरू करताना वास्तुकार वाल्टर ग्रोपियसने जो कार्यक्रम छापला, त्यात फी आहे: वर्षाला १८० मार्क, प्रवेशाचे २० वेगळे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना दुप्पट. झालं? आधुनिक कलाशिक्षणाचा बापच फीवाला निघाला! पण त्याच ओळीत पुढे कंसात लिहिलंय की संस्थेची कमाई वाढेल तशी ही फी हळूहळू पूर्ण नाहीशी व्हावी. आणि प्रवेशाची अट काय? वय, लिंग न पाहता, पूर्वशिक्षण पुरेसं वाटलं तर, जागा असेल तितक्यांना. मर्यादा जागेची. मुलींना पुढे विणकामाच्या मागाकडे पिटाळलं गेलं ती गोष्ट वेगळी, आणि ती लाजिरवाणी आहे. परदेशी मुलांचं म्हणाल, तर १९२० साली अठरा वर्षांचा एक हंगेरियन मुलगा तिथे सुतारकामाच्या कार्यशाळेत दाखल झाला. मार्सेल ब्रॉयर. वाकवलेल्या पोलादी नळीची जी खुर्ची आज ‘जर्मन डिझाइन’ म्हणून दुकानात दाखवतात ती या पोराने केली. २०१९मध्ये बाउहाउसची शंभरी जर्मनीने राष्ट्रीय सणासारखी साजरी केली. परदेशी विद्यार्थ्यावर झालेला खर्च वसूल कधी होतो, याचा हिशेब मांडायचा असेल तर तो असा शंभर वर्षांचा मांडावा लागेल.

आणि फायदा नेहमी जर्मनीलाच होईल असंही नाही. सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे.मधून उपयोजित कला शिकून १९६०च्या दशकात उल्मच्या डिझाइन शाळेत गेले. तिथून परतून पवईच्या आयआयटीतल्या, १९६९मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या उभारणीत त्यांनी आयुष्य घातलं. फळ पवईला मिळालं, उल्मच्या राज्याच्या, बाडेन-वुर्टेमबेर्गच्या, तिजोरीला नाही. जर्मन करदात्याने यावर तक्रार केली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. एवढंच विचारेन, की डिसेंबर १९२२मध्ये बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या क्ले आणि कॅण्डिन्स्कीची चित्रं कलकत्त्याच्या प्रदर्शनात लागली तेव्हा त्यांचं भाडं कोणी कोणाला लावलं होतं?

उल्मचं नाव निघालंच आहे तर सगळ्यात गंभीर आक्षेपाकडे वळू. सरकारी पैसा म्हणजे सरकारची दोरी. आज अनुदान देणारा उद्या नाक दाबतो. बाउहाउसचंच पाहा: १९२४च्या निवडणुकीत थुरिंगियात, म्हणजे वायमारच्या राज्यात, उजव्यांची सत्ता आली, त्यांनी अनुदान अर्ध्यावर आणलं आणि १९२५मध्ये संस्थेला वायमार सोडावं लागलं. मग देसाऊच्या नगरपालिकेने हात दिला, आणि १९३२मध्ये त्याच नगरपालिकेत नाझींच्या मतांवर ती बंद झाली. उल्मची शाळा हान्स आणि सोफी शोल या नाझींना विरोध केला म्हणून शिरच्छेद झालेल्या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांच्या बहिणीने, इंगे शोलने, डिझायनर ओट्ल आयशर आणि माक्स बिल यांच्यासह १९५३मध्ये उभी केली. ब्राउन कंपनीचे रेडिओ, लुफ्टहान्सा विमानकंपनीची दृश्य ओळख, एकावर एक रचता येणारी हॉटेलातली कपबशी, हे सगळं त्या वर्तुळातून आलं. १९६८मध्ये बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याने अनुदान अडवलं, शाळा बंद. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा फिलबिंगर होते, ज्यांना १९७८मध्ये नाझीकाळात दिलेल्या निकालांवरून राजीनामा द्यावा लागला. शोल भावंडांच्या नावाची शाळा कोणाच्या कारकिर्दीत मिटली, यावर मी काही बोलत नाही.

दोरीचा हा आक्षेप खरा, पण उल्म नीट पाहिलं तर धडा वेगळा निघतो. उल्म सरकारी नव्हतंच. ते खासगी प्रतिष्ठान होतं. सुरुवातीला अमेरिकनांनी १० लाख मार्क दिले ते तितकेच इतरांकडून उभे करण्याच्या अटीवर, आणि पुढे उद्योगांची कामं करून पैसा कमवायचा, उरलेलं अनुदान. ना धड कायद्याचं कवच, ना धड स्वतःचा पैसा. कंपन्यांची कामं घेणारे गट आणि शिकवणारे गट यांच्यात ताण, शाळा कशासाठी यावर आतल्या आत मारामाऱ्या, आणि बाहेरून फास आवळला जाताना एकमुखाने ओरडायलाही कोणी उरलं नाही. सरकारी कलाविद्यापीठाची गोष्ट वेगळी. १९४९च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमात कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त असल्याचं लिहिलंय, आणि ते लिहिताना वायमार आणि देसाऊ कोणी विसरलं नव्हतं. प्राध्यापक कायम नेमणुकीचे, संस्थेचा कायदा विधानसभेचा, आणि राज्यं सोळा. एकाने नाक दाबलं तर दुसरीकडे श्वास घेता येतो, जसा १९२५मध्ये देसाऊला घेता आला. बर्लिनने शब्द फिरवला तेव्हा विद्यापीठं कोर्टाचं नाव घेऊ शकली ती याच कवचामुळे. फीवर जगणाऱ्या शाळेची विद्यार्थिसंख्या घटली तर तिने कोणत्या कोर्टात जायचं?

राहिला नोकऱ्यांचा मुद्दा, आणि त्यावर फार लांबण नको, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. १९९२मध्ये जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे १६८ वाद्यवृंद होते, आता साधारण १२९ उरलेत. स्वतंत्र कलाकारांसाठी १९८३पासून कलाकार सामाजिक निधी आहे. त्यात नोंदलेल्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न वीस हजार युरोंच्या आसपास घुटमळतं. इतकी मुलं तयार करून पाठवायची कुठे? बरोबर. म्हणूनच म्हणतो, जागा कमी करा. फी लावली की संस्थेला जागा भरण्याचं कारण मिळतं, आणि ज्या पेशात माणसं जास्त झालीत तिथे आणखी माणसं ओतली जातात. बर्लिनमध्ये महिन्याला काही शे युरो घेणाऱ्या खासगी डिझाइन शाळा गेल्या काही वर्षांत कशा वाढल्या ते डोळ्यांपुढे आहे. त्या वाईटच शिकवतात असं नाही. फक्त त्यांच्याकडून ‘तू हे करू नकोस’ असं ऐकलेला मुलगा मला अजून भेटायचाय.

आपल्याकडे हा विषय ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ एवढ्या तीन शब्दांत संपतो. पुण्यातल्या निम्म्या मार्गदर्शन केंद्रांच्या पाट्यांवर ते असतंच. पण व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावाने एका बंदिस्त खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, आधीच भरून दाखवावे लागतात. हा पैसा विद्यापीठ घेत नाही, तो मुलाचाच, महिन्याला ९९२ युरो असा सुटतो. तरी तो आधी असावा लागतो. म्हणजे बर्लिनच्या परीक्षकांचे कान कितीही प्रामाणिक असले तरी सावंतवाडीच्या मुलीचं वादन त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी एक बँक तिचं ऐकते, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या बँकेच्या दारात लंगडा पडतो. जर्मनीच्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या, शैक्षणिक विनिमय सेवेच्या कलाशिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या, आणि बहुतेक पदवी झालेल्यांसाठी. उरतं आपलं सरकार. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, चांगली योजना आहे, फी आणि निर्वाह दोन्ही देते. तिची अट अशी की परदेशी विद्यापीठ क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीत वरच्या क्रमांकांत हवं. त्या सर्वसाधारण क्रमवारीत केवळ कला, संगीत आणि डिझाइन शिकवणारी विद्यापीठं मोजलीच जात नाहीत.